शॉकअप बदलले तरी खडखड जाईना: जुन्या गाडीतला आवाज कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. २०१० ची पेट्रोल स्विफ्ट, १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेली. उखडलेल्या रस्त्यावर २०-३० च्या वेगात पुढून डाव्या बाजूने खडखड येते. मोठ्या स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर मात्र येत नाही. हायवेला खडखड नाही, पण सत्तरच्या पुढे घूंऽऽ अशी घरघर सुरू होते. गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, आवाज राहिला म्हणून इंजिन ज्यावर टेकतं ते एक माउंटिंग बदललं. साडेअकरा हजार गेले, आवाज तसाच. आता तो म्हणतोय स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा, बदलू. बदलावा का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नको.

साताऱ्यात अठ्ठावीस वर्षं गाड्यांखाली झोपून जे कळलं त्यातली पहिली गोष्ट ही, की आवाज कुठून येतो हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, तो कधी येतो आणि कधी बंद होतो. पोलादातून आवाज हवेपेक्षा साधारण पंधरापट वेगाने जातो, आणि गाडीची बॉडी म्हणजे सगळा जोडलेला पत्रा. मागच्या उजव्या चाकाची घरघर पुढे डाव्या पायापाशी ऐकू येते, आणि माणूस शपथेवर सांगतो की इथेच आहे म्हणून. कान कोपरा चुकतो, वेळ चुकत नाही. तुम्ही वेळ फार छान टिपली आहे. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर आवाज नाही, या एका वाक्यावर मी जवळजवळ पैज लावायला तयार आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी गाडी रिकामी करा. हसू नका. डिकीतला जॅक, टॉमीची लोखंडी सळई, स्टेपनीचा बोल्ट, दारातल्या पाण्याच्या बाटल्या, सीटखालची सुटी नाणी, गॉगलची डबी, सगळं बाहेर. पुढची नंबर प्लेट हाताने दाबून बघा. चारही चाकांचे नट पान्याने तपासा, विशेषतः नुकतं पंक्चर काढलं असेल तर. माझ्याकडे एक गिऱ्हाईक यायचं, बायको शेजारी बसली की आवाज बंद, एकटा निघाला की टक्‌टक्. मी ब्रेकपासून एक्सलपर्यंत सगळं बघितलं. निघालं काय, तर रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल खांबाच्या प्लास्टिकवर आपटत होतं. दुसरा किस्सा माझ्याच फजितीचा. क्लच करून दिलेली गाडी तिसऱ्या दिवशी परत आली, वळणावर खण्ण असा आवाज. दोन दिवस शोधलं. पुढच्या क्रॉस मेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीच्या, खाचेत माझाच १२-१३ चा रिंग पाना सापडला. तेव्हापासून गाडी सोडताना ट्रेमधले पाने मोजतो.

आता तुमची खडखड. गाडीच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक वाकवलेली पोलादी सळई असते, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका बाजूला फार झुकू नये म्हणून ती असते. तिची दोन्ही टोकं प्रत्येकी एका छोट्या दांड्याने सस्पेन्शनला जोडलेली असतात. तो दांडा म्हणजे लिंक रॉड. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोपीखाली ग्रीसमध्ये बसलेला एकेक गोळा असतो. टोपी फाटली की आत पाणी आणि माती जाते, गोळा झिजतो आणि आपल्या खोबणीत सैल होतो. सुपारी डबीत वाजते तसा वाजायला लागतो.

दोन्ही चाकं एकाच वेळी वर गेली, तर बार नुसता आपल्या रबरात गोल फिरतो. त्याला पीळ पडत नाही, लिंक रॉडवर जोर येत नाही, म्हणून आवाज नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बारला पीळ पडतो, लिंक रॉड ओढला जातो, लगेच ढकलला जातो, आणि सैल गोळा खटखट वाजतो. उखडलेल्या रस्त्यावर एकदा डावं चाक, एकदा उजवं, त्यामुळे सलग खडखड. शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंटिंग गेलं असतं, तर मोठ्या स्पीड ब्रेकरवर आवाज उलट जास्त आला असता.

मग गॅरेजवाल्याला हे दिसलं कसं नाही? तो आळशी होता असं मी म्हणणार नाही, कारण या सापळ्यात मीही अडकलो आहे. आपण काय करतो, डाव्या चाकाखाली जॅक लावतो, चाक उचलतो आणि लिंक रॉड हलवून बघतो. घट्ट लागतो. लागणारच. एक चाक उचललं की बारला पीळ पडलेला असतो आणि तो पीळ गोळ्याला एका बाजूला दाबून धरतो. सैलपणा असूनही हाताला कळत नाही. तपासायचं तर दोन्ही चाकं सारख्या उंचीवर पाहिजेत, म्हणजे गाडी पिटवर (गॅरेजमधल्या खड्ड्यावर) जमिनीसारखी उभी किंवा दोन्ही बाजूंनी सारखी उचललेली. मग दांडा मुठीत धरायचा आणि वरखाली झटके द्यायचे. गेलेला असेल तर टक्‌टक् हाताला लागते, कानापर्यंत जावंही लागत नाही. आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत लिंक रॉडचं वरचं टोक शॉकअपलाच जोडलेलं असतं, त्यामुळे शॉकअप बदलताना तो सोडावाच लागतो. परत बसवताना गोळा नटाबरोबर फिरत राहतो, कारागीर कंटाळतो आणि नट अर्धवट आवळलेला राहतो. तो आधी बघा. फुकटात काम झालं तर चांगलंच.

तरी खात्री वाटत नसेल, तर पैसे न खर्चता होणारी एक चाचणी आहे. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून बाजूला ठेवायचे, बारची टोकं कशाला घासणार नाहीत अशी बांधायची, आणि त्याच उखडलेल्या गल्लीतून वीसच्या वेगात एक चक्कर मारायची. खडखड गेली तर दोषी सापडला. गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त झुकेल, म्हणून हे फक्त गल्लीत, हायवेला अजिबात नाही. आणि कारागिराच्या हातूनच करा.

लिंक रॉड ठीक निघाला, तर पुढचे संशयित आहेत, पण प्रत्येकाची खोड वेगळी असते. खडखड चालू असताना ब्रेक पेडलवर नुसता हलका पाय ठेवा. आवाज तेवढ्यापुरता थांबला, तर ब्रेक पॅड किंवा पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सैल आहेत, सस्पेन्शनला हात लावू नका. मोकळ्या जागेत गाडी हळू पुढे घेऊन ब्रेक मारा, मग रिव्हर्स घेऊन मारा. दर वेळी एकच जाड ठक् आला, तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश. गाडी उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवा. स्प्रिंग पीळ खाऊन टंग् करून सुटली, तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलंय. जुन्या गाडीला नवा शॉकअप घालताना वरचं माउंटिंग जुनंच ठेवायची वाईट सवय आपल्याकडे आहे. तुमच्या बिलात ते आहे का बघा.

आणि रॅक? रॅकची खडखड कानापेक्षा तळहाताला आधी कळते, पेव्हर ब्लॉकवरून जाताना स्टिअरिंग हातात थरथरतं. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग डावीउजवीकडे बोटभर हलवायचं, दुसऱ्याने खाली रॅक एंडवर, म्हणजे रॅकच्या चाकाकडच्या टोकावर, हात ठेवायचा. धक्का हाताला लागला तर बोलू. तुमच्या प्रश्नात स्टिअरिंग थरथरल्याचा उल्लेख नाही. रॅक हा या सगळ्या यादीत महागडा भाग आहे, त्यामुळे तो शेवटी.

माउंटिंगचं जाता जाता सांगतो, कारण ते पैसे तर फुकटच गेले. इंजिनाचं माउंटिंग गेलं की आवाज रस्त्याशी जोडलेला नसतो, इंजिनाच्या ओढीशी जोडलेला असतो. गाडी पहिल्या गिअरला क्लचवर सुटताना धप्प, एसी लावला की केबिनभर थरथर, इंजिन बंद करताना एक हिसका. बॉनेट उघडून हँडब्रेक ओढायचा, ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायचा, इंजिन किती उडी मारतं ते बाजूला उभ्या माणसाने बघायचं. गाडीच्या समोर उभं राहून नव्हे.

आता तो दुसरा आवाज, सत्तरच्या पुढची घरघर. याचा खडखडीशी काही संबंध नाही. जुन्या गाडीत दोन रोग एकत्र नांदतात आणि आपण दोघांना एकच औषध देत बसतो. इथे पहिली चाचणी अशी. रिकाम्या सरळ रस्त्यावर घरघर चालू असताना क्लच दाबा आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढा. इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) पडले तरी घरघर तशीच राहिली, तर ती चाकांची. इंजिनाबरोबर पडली, तर सायलेन्सर, बेल्ट अशा दुसऱ्या गोष्टी बघाव्या लागतील. गाडी बंद करून घरंगळत जाऊ नका. स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा पेडल मारल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो.

चाकांची ठरली, तर दोनच मोठे दावेदार: बेअरिंग आणि टायर. सत्तरच्या वेगात, मागेपुढे कुणी नसताना, स्टिअरिंग अगदी हळुवार डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. घरघर डावीकडे वळताना वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर उजवं बेअरिंग. उलट झालं तर डावं. वळवून काहीच फरक पडला नाही, पण डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला, तर टायर. मुंबई-पुणे द्रुतगतीवरून गेला असाल तर टायरचा सूर बदलतो म्हणजे काय ते तुमच्या कानाला माहीत असणार.

टायरचा निवाडा हातानेही होतो. गाडी उभी करून टायरच्या पृष्ठावरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर घरघर तिथूनच. शॉकअप फार दिवस मेलेले असले की टायर असा खाल्ला जातो. म्हणजे तुमचे नवे शॉकअप अगदीच वाया गेले असंही नाही, पण ज्या आवाजासाठी बदलले तो त्यांचा नव्हता. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही बघा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाड्यांत टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. तरीही शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावा. आवाज जागा बदलून गेला तर टायर, तिथेच राहिला तर बेअरिंग.

बेअरिंगसाठी एक जुनी युक्ती. चाक उचलून, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) नीट टेकवून, बाकी चाकांना दगड लावून, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरताना स्प्रिंग गप्प असते. गेलेल्या बेअरिंगची बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते, जात्याच्या पाळीला हात लावल्यासारखी. मागचं चाक आधी बघा. ते एक्सलला जोडलेलं नसल्यामुळे मोकळं फिरतं आणि निकाल पटकन मिळतो.

हिशोबाने ऐकायची सवय लावली तर आणखी सोपं जातं. तुमच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जेमतेम दोन मीटर पुढे जाते. २० च्या वेगात म्हणजे सेकंदाला सुमारे तीन फेरे. टक्‌टक्‌ सेकंदाला तीनदा येत असेल, तर काहीतरी चाकाच्या फेऱ्यागणिक एकदा लागतंय: टायरमध्ये रुतलेला खडा, वाकलेला ब्रेकचा पत्रा. इंजिनाचंही तसंच. सैल टॅपेट, म्हणजे इंजिनाची झडप दाबणारा भाग, इंजिनाच्या निम्म्या वेगाने वाजतो. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, ८०० आरपीएम असतील तर मिनिटाला ४००, म्हणजे शिवणयंत्रासारखी सारखी टिकटिक. अशी टिकटिक जुन्या गाडीत वर्षानुवर्षं चालते. पण जोर दिल्यावर आतून खोल ठोका येत असेल, तर गोष्ट वेगळी.

इंजिनाच्या बाजूचे बाकी आवाज तुमच्या तक्रारीत नाहीत, पण १५ वर्षांच्या गाडीत ते पुढे येणारच, म्हणून भराभर सांगतो. न्यूट्रलला खरखर येते आणि क्लच दाबला की बंद होते: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबला की सुरू होते: क्लचचं रिलीज बेअरिंग. पावसाळ्यात सकाळी चालू करताच चीं: बेल्ट. त्यावर लांबून बाटलीने चार थेंब पाणी टाका, आवाज बदलला तर बेल्ट, नाही बदलला तर पुलीचं बेअरिंग. थंड इंजिन सुरू करताच एक-दोन सेकंद खर्रर्र आणि मग शांत: चेनवाल्या इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे बघा, त्याआधी ऑइल कधी बदललं ते आठवा. ठरावीक आरपीएमलाच पत्र्याची झिर्रर्र, ना आधी ना नंतर: सायलेन्सरवरचं उष्णतेचं पत्र्याचं कवच. वेल्डिंगवाला सापडेपर्यंत मोठ्या होज क्लिपने आवळून टाका, कित्येकदा तीच वर्षभर टिकते. कोकणातून परत आल्यावर सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र झालं तर तो डिस्कवरचा गंज, दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून टोक अल्टरनेटरला लावून ऐकणं हे खरंच उपयोगी आहे. पण चालू बेल्टपाशी ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी नको. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका पोराचं बोट त्यानेच गेलं.

काही आवाजांना शोधत बसायचं नसतं. ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिनात ठोका आला, तर तिथल्या तिथे बंद करा, गॅरेजपर्यंतही चालवू नका. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरड आली, किंवा वळणावर खालून ठक् होऊन स्टिअरिंग स्वतःहून हललं, तर गाडी टोइंगनेच न्या. लोअर आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं होतं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, पण कारागिराला बॉल जॉइंट आणि लोअर आर्म एकदा टॉमी लावून तपासायला सांगाच.

गॅरेजला जाताना गाडी ठेवून चावी देऊन निघू नका. त्याला शेजारी बसवा, तुमच्या गल्लीतून फिरवा, आणि तो "हां, हाच" म्हणेपर्यंत उतरवू नका. आवाज ऐकलाच नाही असा माणूस भाग बदलतो, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. हे भाग बदलले ते का, आणि जुने कुठे आहेत, हे विचारायलाही संकोच करू नका.

लिंक रॉड गेले असतील तर जोडीने बदला, एकाच वयाचे असतात. आणि सोबत लोअर आर्मचे बुश निघालेच, तर एक गोष्ट आवर्जून सांगा: त्यांचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर टेकवायची, आपल्या वजनाने बसू द्यायची, मग आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायमचं पीळ खाऊन बसतं आणि वर्षभरात फाटतं, मग तोच आवाज नव्या बुशात परत. आठवड्याभरानंतर नट एकदा पुन्हा तपासून घ्या.

आणि जुना लिंक रॉड टाकू नका. नवा हातात घ्या, त्याचा गोळा बोटाने हलत नाही, इतका घट्ट असतो. मग डाव्या बाजूचा काढलेला घ्या आणि टोक धरून हलवा. माझा अंदाज बरोबर असेल तर तो स्वतःच लोंबकळेल, आणि तुमची ती खडखड तुम्हाला हातात ऐकू येईल.